कुठल्या ओळीवर अडलं? अकरावी-बारावीचं फिजिक्स आणि मॅथ्स मिळून कसं शिकावं

अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात चांगले गुण, आणि इथे सर फळ्यावर लिहिता लिहिता ‘मोमेंटम’ म्हणाले की मी तो शब्द देवनागरीत वहीत उतरवून घ्यायचे. मोमेंटम म्हणजे आपला नववीतला संवेग, हे मला शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने सांगितलं. तीही मराठी माध्यमाचीच, तिला चुलतभावाकडून कळलं होतं. त्या एका शब्दासरशी मागचं अख्खं प्रकरण उलगडलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी आणि नंतर आणखी दोन मुलं मिळून बारावीच्या परीक्षेपर्यंत अभ्यास करत राहिलो.

आज मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. दर वर्षी जून-जुलैत तसेच गप्प चेहरे समोर दिसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. एकटं बसून जास्त तास अभ्यास केला की सगळं जमतं, ही समजूत फार खोलवर बसलेली आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्रीझमन या गणितज्ञाने कॅल्क्युलसला मागे पडणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ती मुलं आळशी नव्हती, तयारीनिशी आलेली होती. पण ती एकेकटी अभ्यास करत होती. ज्यांना विषय जमत होता ती मुलं आधी एकट्याने गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. ‘आधी एकट्याने, मग एकत्र’ हा क्रम नीट लक्षात ठेवा. खाली जे सांगणार आहे ते सगळं त्यावरच उभं आहे.

आधी माणसं आणि जागा

तीन किंवा चार जण पुरेत. दोघांत एक आजारी पडला की बैठक बुडते, आणि सहा जण झाले की दोघं बोलतात, बाकीचे माना डोलावतात. सगळे जिवलग मित्र असायची गरज नाही, उलट नसलेलेच बरे. एकाचं गणित पक्कं, दुसऱ्याचं इंग्रजी बरं, तिसरीच्या आकृत्या स्वच्छ, असा गट चांगला चालतो. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला गळ घालून आणू नका. तो आला की उरलेले तिघं त्याचे विद्यार्थी होतात, आणि तोही महिन्याभरात कंटाळून येणं बंद करतो.

अभ्यासिकेत बोलायला मनाई असते, तेव्हा तिथे भेटून कुजबुजत शिकायचा हट्ट करू नका. कॉलेजात रिकामा वर्ग मागून घ्या. बहुतेक शिक्षक आनंदाने देतात. नाहीतर कोणाची तरी गच्ची, ग्रंथालयाचा व्हरांडा, देवळाचा ओटा चालेल. मुलींना अंधाराआधी घरी पोचायचं असेल किंवा कोणाची शेवटची एसटी साडेपाचची असेल, तर वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. सकाळी कॉलेजच्या आधीचा दीड तास मला सगळ्यात चांगला वाटतो. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, आणि प्रत्येक वेळी कोणतं प्रकरण घ्यायचं ते आदल्या बैठकीतच ठरलेलं असावं.

डाउट वही

प्रत्येकाने एक पातळ वही फक्त अडलेल्या गोष्टींसाठी ठेवावी. गणित अडलं की लगेच फोन करायचा नाही. वीस मिनिटं एकट्याने झटायचं, आणि मग वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय दिलंय आणि काय विचारलंय, मी काय काय करून पाहिलं, आणि नेमकी कोणती ओळ पुढे सरकत नाही.

‘मला रोटेशन येत नाही’ या वाक्याला कोणीच मदत करू शकत नाही. ‘उदाहरण सातमध्ये मी मोमेंट ऑफ इनर्शिया काढला, टॉर्कही काढला, पण टॉर्क केंद्राभोवती घ्यायचा की जमिनीला टेकलेल्या बिंदूभोवती, ते कळत नाही’ या वाक्याला शेजारचा मुलगाही दोन मिनिटांत उत्तर देऊ शकतो. आणखी एक अनुभव सांगते. तिसरी गोष्ट लिहिता लिहिताच कितीतरी वेळा गाठ सुटते. अडलेली जागा शब्दांत पकडायला लागलो की तीच आपल्याला वाट दाखवते.

एखाद्या प्रश्नाची तिसरी ओळ लिहिताच येत नसेल, तर तेही वहीत लिहा: ‘सुरुवातच कळत नाही.’ मात्र त्याआधी प्रश्नाची आकृती काढलेली असली पाहिजे. आकृती न काढता बैठकीत आणलेला फिजिक्सचा प्रश्न आमच्या गटात आम्ही घेतच नसू. नियम कडक होता, पण त्याने फार फायदा झाला.

दोन भाषांची यादी

मराठी माध्यमातून आलेल्यांनो, तुम्हाला दहावीपर्यंतचं फिजिक्स येतं, फक्त त्याची नावं बदलली आहेत. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखा. त्वरणासमोर अ‍ॅक्सिलरेशन, जडत्वासमोर इनर्शिया, घर्षणासमोर फ्रिक्शन, विस्थापनासमोर डिस्प्लेसमेंट. गणितात विकलनासमोर डिफरन्सिएशन, संकलनासमोर इंटिग्रेशन. बैठकीत जो शब्द अडेल तो सगळ्यांनी लिहून घ्यायचा.

सेमी किंवा इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही या यादीचा उपयोग होतो. आपण रोजच्या बोलण्यात ‘वजन पन्नास किलो’ म्हणतो, पण फिजिक्समध्ये किलोग्रॅममध्ये मोजतात ते वस्तुमान, आणि वजन हे बल असल्याने न्यूटनमध्ये मोजतात. पन्नास किलोच्या माणसाचं वजन साधारण ४९० न्यूटन. चाल आणि वेग हे शब्द घरी आपण एकाच अर्थाने वापरतो, पण वेगाला दिशा असते, चालीला नसते. हा फरक मराठीत एकदा डोक्यात बसला की स्पीड आणि व्हेलॉसिटीत पुन्हा गोंधळ होत नाही.

समजावून सांगताना बिनधास्त मराठीत बोला. लिहिताना मात्र परीक्षेच्या भाषेत लिहा, आणि बैठकीत निदान एक उत्तर पूर्ण वाक्यांत लिहून बघा.

मदत करणाऱ्याने पेन खाली ठेवावं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्याही चांगल्या मनाने. कोणी विचारलं की आपण त्याची वही ओढून घेतो, भराभर सोडवून दाखवतो, आणि तो ‘हो, कळलं’ म्हणतो. तुमचा हात चालताना त्याला सगळं सोपं वाटलेलं असतं. घरी गेल्यावर तेच गणित त्याला पुन्हा येत नाही.

म्हणून मदत करणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच: ‘कुठल्या ओळीवर अडलं?’ आणि पेन त्याच्याच हातात राहू द्या.

एक खरं उदाहरण घेऊ. राज्य मंडळाच्या बारावीच्या फिजिक्सचं पहिलंच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्स. प्रश्न असा: एक डिस्क ३० अंशांच्या उतारावरून न घसरता गडगडत खाली येते, तिचं अ‍ॅक्सिलरेशन काढा. एका मुलीचं उत्तर आलं ४.९, अपेक्षित उत्तर ३.२७. तिने जी गुणिले साइन ३० केलं होतं. ‘अगं, सूत्र वेगळं आहे’ म्हणून सूत्र सांगून टाकणं सोपं होतं. त्याऐवजी तिच्या मैत्रिणीने असं विचारलं:

‘ही डिस्क खाली येताना नुसती पुढे जातेय का?’
‘नाही, फिरतेय पण.’
‘मग वर असताना जी पोटेन्शियल एनर्जी होती ती कशाकशात गेली?’
‘पुढे जाण्यात आणि फिरण्यात.’
‘तुझ्या सोडवण्यात फिरण्याचा वाटा कुठे आहे?’

इथे ती मुलगी गप्प झाली आणि तिने स्वतःच खोडून नव्याने सुरुवात केली. मैत्रिणीने नेमकं तेव्हा काही बोलायचं नसतं. अशा वेळी गप्प बसणं फार जड जातं, पण बसा. तिने लिहिलं: एम जी एच बरोबर हाफ एम व्ही स्क्वेअर अधिक हाफ आय ओमेगा स्क्वेअर. डिस्कचा आय म्हणजे हाफ एम आर स्क्वेअर, ओमेगा म्हणजे व्ही भागिले आर. फिरण्याची एनर्जी आली पाव एम व्ही स्क्वेअर, एकूण पाऊण. एम दोन्हीकडून गेला, आरही गेला. उंची एच म्हणजे उतारावरचं अंतर एस गुणिले साइन थीटा, आणि व्ही स्क्वेअर म्हणजे टू ए एस. हे घातल्यावर अ‍ॅक्सिलरेशन आलं जी साइन थीटाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ४.९चे दोन-तृतीयांश, ३.२७.

अजून काम संपलेलं नाही. समजलं की नाही हे ‘कळलं का?’ विचारून कधीच कळत नाही, प्रश्न बदलून कळतं. ‘डिस्कच्या जागी रिंग असेल तर?’ रिंगचं सगळं वस्तुमान काठावर, म्हणून फिरण्यात जास्त एनर्जी जाते, आणि अ‍ॅक्सिलरेशन निम्मं, २.४५ येतं. ‘भरीव गोळा असेल तर?’ पाच-सप्तमांश, म्हणजे ३.५. ‘तिघं एकदम सोडले तर आधी कोण पोचेल?’ गोळा. त्या मुलीला शेवटचं उत्तर आकडे न बघताच देता आलं.

हार्वर्ड विद्यापीठातले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून वर्गात मुलांना शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून शिकवू लागले. त्यांनी दिलेलं कारण मला फार पटतं. ज्याला आत्ताच समजलंय त्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं. प्राध्यापकाला ती अडचण केव्हाच विसरायला झालेली असते. म्हणून ‘मी काय कोणाला शिकवणार’ असं म्हणू नका. काल समजलेलं आज सांगायला तुम्हीच सगळ्यात योग्य आहात.

गणिताची गोष्ट थोडी वेगळी

मॅथ्समध्ये मूल अडलेलं असतं बारावीत, पण चूक सापडते आठवीत. इंटिग्रेशन बरोबर, आणि शेवटी अ वर्ग अधिक ब वर्ग याचं वर्गमूळ म्हणून ‘अ अधिक ब’ लिहिलेलं. हे फार जण करतात. ३ आणि ४ घालून बघा: वर्गांची बेरीज २५, तिचं वर्गमूळ ५, तर ३ अधिक ४ म्हणजे ७. हे बोलून दाखवताना ‘एवढं पण येत नाही?’ असं चुकूनही म्हणू नका. तसं एकदा ऐकलेला मुलगा पुन्हा वही उघडत नाही.

गटात उत्तरं वेगवेगळी आली की भांडू नका, ती मोठी संधी असते. साइन एक्स गुणिले कॉस एक्स याचं इंटिग्रेशन तिघांना द्या. एकाचं उत्तर येईल साइन स्क्वेअर एक्स भागिले दोन, दुसऱ्याचं वजा कॉस स्क्वेअर एक्स भागिले दोन, तिसऱ्याचं वजा कॉस दोन एक्स भागिले चार. कोणाचं बरोबर? तिघांचंही. पहिल्या दोन उत्तरांत फक्त अर्ध्याचा फरक आहे, आणि तो ‘अधिक सी’मध्ये सामावतो. ते सी आपण नुसतं सवयीने लिहितो, त्याचा अर्थ मला स्वतःला या गणितात कळला. निवाडा करायचा असेल तर प्रत्येकाने आपल्या उत्तराचं डिफरन्सिएशन करून मूळ प्रश्न परत मिळतो का ते बघावं.

प्रॅक्टिकल आणि जर्नल

जर्नल उतरवून काढणं सगळीकडे चालतं, आणि त्याने मुलांचं नुकसान होतं. पद्धत एकमेकांना शिकवा, रीडिंग स्वतःची स्वतः घ्या. मग चूक सापडण्यात मजा येते. साध्या लंबकाच्या प्रयोगात एका जोडीचा जी ९.८ येतो, दुसऱ्या जोडीचा १०.९. दुसऱ्या जोडीने स्टॉपवॉच सुरू करताना ‘एक’ म्हटलेलं असतं! ‘वीस’ म्हणेपर्यंत झोके झाले एकोणीस, आणि वेळ भागली वीसने. पिरियड पाच टक्के कमी आला, आणि त्याचा वर्ग खाली असल्याने जी जवळपास अकरा टक्के वाढला. सुरुवातीला ‘शून्य’ म्हणायचं, हे मग आयुष्यभर लक्षात राहतं. तसंच लांबी फक्त दोऱ्याची घेतली आणि गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली, तर जी थोडा कमी येतो. दोन जोड्यांनी आकडे समोरासमोर ठेवले तरच हे दिसतं, आणि एकाचे आकडे दुसऱ्याने उतरवले तर कधीच दिसत नाही.

फोनवर

व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्ण सोडवलेल्या पानाचा फोटो पाठवू नका. आमच्या मुलांनी केलेला एक नियम मला आवडला: फक्त पुढची एक ओळ पाठवायची. विचारणाऱ्यानेही प्रश्नाच्या फोटोबरोबर स्वतःच्या अर्धवट पानाचा फोटो पाठवायचा. उत्तर काढून देणारी अ‍ॅप्स आता सगळ्यांच्या हातात आहेत, ती स्वतः सोडवून झाल्यावर पडताळणीसाठी वापरा.

कोणालाच येत नसेल तर

चौघांचं एकमत झालं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. माझ्या गटात आम्ही महिनाभर एकमुखाने मानत होतो की वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं अ‍ॅक्सिलरेशन शून्य असतं. शून्य असतो तो वेग. अ‍ॅक्सिलरेशन तिथेही ९.८च असतं आणि खालच्या दिशेनेच, नाहीतर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

म्हणून गटाबाहेरचे पंच नेमून ठेवा. पहिला पंच एकक: अंतर विचारलंय आणि उत्तर सेकंदात येतंय का? दुसरा पंच टोकाची स्थिती: उतार शून्य अंश केला तर अ‍ॅक्सिलरेशन शून्य होतं का? दोन्हींतून सुटलं नाही तर प्रश्न एका कागदावर, तुमच्या प्रयत्नासकट, लिहून शिक्षकांकडे न्या. ‘सर, आम्ही चौघांनी इथपर्यंत आणलंय’ म्हणणाऱ्या मुलांसाठी मी मधल्या सुट्टीतही थांबते. बहुतेक शिक्षक थांबतात.

पुस्तकातलं उत्तर चुकीचं छापलंय असं वाटलं तरी लगेच तसं ठरवू नका. कधीकधी ते खरंच चुकलेलं असतं, पण त्याआधी दोघांनी वेगवेगळ्या रीतीने सोडवून पाहा.

परीक्षा जवळ आल्यावर

बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. हे मुलांना फेब्रुवारीत आठवतं. एक बैठक फक्त त्यासाठी ठेवा. एकाने आकडा द्यायचा, दुसऱ्याने टेबलातून काढायचा, तिसऱ्याने अंदाजाने तपासायचा. बार असलेले लॉग सगळ्यात जास्त चुकतात. ०.०४७ चा लॉग ‘बार दोन पॉइंट ६७२१’ येतो. त्यात वजा फक्त दोन आहे, पॉइंटनंतरचा भाग अधिकच राहतो. संपूर्ण आकडा वजा धरला की पुढचं सगळं उत्तर जातं.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. गटात दहा प्रश्न आणि अठरा मिनिटं लावून बसा. नंतर उत्तरांपेक्षा जास्त वेळ एका गोष्टीला द्या: कोणी कोणता प्रश्न सोडून दिला, आणि का. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या भागावर असतात, तेव्हा अकरावीची डाउट वही रद्दीत टाकू नका.

याच दिवसांत घरचे किंवा क्लासमधले कोणीतरी म्हणतात, ‘दुसऱ्याला शिकवत बसलास तर तो तुझ्या पुढे जाईल.’ सीईटीला लाखो मुलं बसतात. तुमच्या शेजारी बसलेल्या तिघांनी तुमचा क्रमांक हलत नाही, आणि त्यांना समजावताना तुमचं स्वतःचं प्रकरण पक्कं होतं. आई-वडिलांना काळजी वाटत असेल तर त्यांना एका बैठकीला शेजारी बसू द्या. माझ्या वडिलांनी एकदा कोपऱ्यात खुर्ची टाकून तासभर ऐकलं. त्यानंतर पुढच्या बैठकीला चहा आमच्या घरून आला.

पहिली बैठक

येत्या रविवारी तिघांना बोलवा. प्रत्येकाने एकच डाउट आणायचा, आकृतीसकट. क्रमाने प्रत्येकाला वीस मिनिटं. बोलायला सुरुवात कोणी करायची, तर ज्याला त्या डाउटबद्दल सगळ्यात कमी खात्री आहे त्याने. वेळ पाळायला कोणाच्या तरी फोनवर गजर लावा. शेवटची दहा मिनिटं वह्या मिटून ठेवा आणि आज सुटलेलं एक गणित प्रत्येकाने कोऱ्या कागदावर न बघता पुन्हा सोडवा. ज्याचं अडेल त्याने कागदावर त्याच ओळीखाली रेघ मारून तो घरी न्यायचा. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या रेघेपासून करा.